लिस्बनला पेस्ट्रीच्या दुकानात आईला न्यायचंय, ती अंडं खात नाही

धरमपेठकर:
येत्या मे महिन्यात आईला घेऊन पोर्तुगालला जाऊन राहिलो, लिस्बनमध्ये पाच दिवस. तिथल्या पेस्ट्रीच्या दुकानांत जायची माझी फार जुनी इच्छा आहे, पण आई अंडं अजिबात खात नाही आणि तिला हॉटेलात बसवून मी एकटा खाऊन येणार नाही. बाबा गेल्यावर ती पहिल्यांदाच एवढ्या लांब निघून राहिली. कोणी गेलं असेल तर सांगा ना, काय मागायचं अन् कसं मागायचं?

तर्री_पोहे:
भाऊ, आधी वाईट बातमी. तिथली सगळ्यात फेमस वस्तू म्हणजे पास्तेल द नाता, अन् त्यातलं कस्टर्ड अंड्याच्या बलकाचंच असते. सांगतात की मठांमध्ये कपड्यांना खळ द्यायला अंड्याचं पांढरं वापरायचे, मग उरलेल्या बलकाची मिठाई व्हायची. १८३४ मध्ये मठ बंद झाले अन् लिस्बनच्याच बेलें भागातल्या मठाची रेसिपी घेऊन १८३७ पासून शेजारीच दुकान सुरू झालं, ते अजून चालू आहे. १५ नंबरची ट्राम जाते. तुम्ही तिथे नक्की खा, गरम असतानाच, वरून दालचिनी टाकून. काकूंसाठी लिस्बनमध्ये व्हीगन नाता पण मिळतात आता, ते शोधून ठेवा.

माहेर_मडगाव:
मी मूळची गोव्याची, लग्नानंतर नागपुरात. माझं ऐका, फेमस दुकान एकदाच करा आणि बाकी रोज सकाळी हॉटेलच्या गल्लीतल्या साध्या पास्तेलारियात, म्हणजे पेस्ट्री-कॉफीच्या दुकानात जा, तिथे शेजारपाजारची म्हातारी माणसं कॉफी घेत बसलेली असतात, काकूंना तिथेच बरं वाटेल. तिथे तोर्राडा मागा, म्हणजे जाड ब्रेडचा भरपूर बटर लावलेला टोस्ट, सोबत गालांव, म्हणजे ग्लासातली दुधाळ कॉफी. आणि मार्मेलाडा नक्की विचारा, मार्मेलु फळाची घट्ट वडी असते, आमच्या गोव्याच्या पेरूच्या वडीसारखी, म्हणजे पेरादसारखी, त्यात अंडं नसतं. चीजसोबत खातात. चीजमध्ये दूध विरजायला वासराच्या पोटातलं रेनेट घातलेलं असू शकतं, पण सेर्रा दा इश्त्रेलाचं चीज एका काटेरी झाडाच्या फुलाने विरजतात, ते काकूंना चालेल.
"सें ओवुश" म्हणजे अंड्याशिवाय, हे पाठ करा. गोड पाव दिसला तरी विचाराच, त्यात बरेचदा अंडं असतं. आणि "मिश्ता" किंवा "मिश्तु" लिहिलेलं टोस्ट-सँडविच घेऊ नका, त्यात हॅम असतं. पास्तेल म्हटलं की गोडच असं पण नाही, पास्तेल द बाकल्याव मासळीचं असतं.

तर्री_पोहे:
हे मिश्तावालं बरं सांगितलं ताई, माझ्या मित्राने चीज टोस्ट समजून तेच घेतलं होतं अन् बिचारा दिवसभर नाराज राहिला. अजून एक, बऱ्याच ठिकाणी काउंटरवर उभं राहून खाल्लं तर स्वस्त पडते, टेबलावर बसलं की रेट जास्त. पण काकूंना बसवाच, तिथे पैसे वाचवू नका.

धरमपेठकर:
ताई, भाऊ, खरंच खूप आभार. आईला सगळं वाचून दाखवलं. पाव, बटाटा, चावी हे शब्द पोर्तुगीजांकडूनच आले म्हटल्यावर तिला एकदम धीर आला, म्हणते मग अर्धी भाषा येतेच की मला. कालपासून स्वयंपाक करता करता सें ओवुश, सें ओवुश म्हणून राहिली. दुकानात मागायचं काम तीच करणार आहे.
ताई, पेराद नागपुरात कुठे मिळेल का? तिला आधी चव दाखवायची होती.

माहेर_मडगाव:
इथे शोधू नका. पुढच्या आठवड्यात माझा भाऊ येतोय, तो आणेल. तुमच्यासाठी एक वडी बाजूला ठेवते, मेसेज करा.