मदत हवी आहे : दारांत नवे स्पीकर बसवले आणि बेसच गेला

साखळी०४
पुढच्या दोन्ही दारांचे स्पीकर बदलून घेतले. कंपनीचे साधे होते ते काढून चांगले महागातले टाकले. आवाज मोठा झाला, पण बेस गायब. घुमट आरती (घुमट या मातीच्या, कातडं चढवलेल्या वाद्यावरची) लावली तर घुमटाचा ठोका जवळजवळ ऐकूच येत नाही, कांसाळ्यांचा (झांजांचा) खणखणाट तेवढा कानात घुसतो. जुने स्पीकर याहून बरे वाजत होते. दुकानदार म्हणतो ॲम्प (आवाजाची ताकद वाढवणारं यंत्र) आणि सबवूफर (फक्त बेससाठीचा स्पीकर) घातल्याशिवाय हे स्पीकर खुलणार नाहीत. म्हणजे आणखी पंधरा-वीस हजार. मला यातलं फारसं कळत नाही, कोणता ॲम्प घेऊ तेवढं सांगा. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आत काम व्हायला हवं.

तिस्क_फोंडा
गाडी कुठली? स्पीकर कोॲक्सिअल (ट्वीटर, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा स्पीकर, त्यातच बसवलेला) की कॉम्पोनंट (ट्वीटर वेगळा)? स्टीरिओ कंपनीचाच आहे की बदललाय? दारांना डॅम्पिंग केलंय? एवढं कळल्याशिवाय ॲम्प कसा सुचवणार?

बेसवाला_म्हापसा
ॲम्पच्या भानगडीत पडूच नका. सीटखाली बसणारा ८ इंची ॲक्टिव्ह सबवूफर घ्या, ॲम्प त्याच्या पोटातच असतो. कंपनीच्या स्टीरिओला आरसीए (ॲम्पसाठीचं वेगळं सॉकेट) नसलं तरी चालतं, स्पीकरच्या वायरींवरून हाय लेव्हल इनपुट घेता येतो. सीट पूर्ण मागे-पुढे सरकवून खालची उंची आधी मोजा, एसीची नळी आणि सीटची वायरिंग आड येते का बघा. पॉवर सरळ बॅटरीवरून घ्यायची. लायटरच्या सॉकेटवरून कुणी जोडून देत असेल तर नको म्हणा, तिथली वायर आणि फ्यूज या कामाचे नाहीत.

अल्टरनेटर
साखळीबाब, सध्या काहीच विकत घेऊ नका. स्पीकर चांगले आणि बेस आधीपेक्षा कमी, हे ताकद कमी पडल्याचं लक्षण नव्हे. ताकद कमी पडली तर आवाज फाटतो, बेस नाहीसा होत नाही. एका दाराची पोलॅरिटी (अधिक-उणे वायरी) उलटी जोडलेली असणार. तेव्हा एक स्पीकर बाहेर ढकलतो त्याच क्षणी दुसरा आत ओढतो आणि खालचे सूर एकमेकांना मारून टाकतात. वरचे सूर तसे पूर्ण मरत नाहीत, म्हणून कांसाळी वाजतात आणि घुमट जातं.

तपासायला हत्यार लागत नाही. ठोका स्पष्ट असलेलं गाणं लावा आणि बॅलन्स पूर्ण डावीकडे न्या. मग पूर्ण उजवीकडे. मग मध्ये. एकेकट्या दारातून बेस येतो आणि दोन्ही मिळून जातो, असं झालं तर रोग सापडला.

साखळी०४
वॅगनआर, २०२०. स्टीरिओ कंपनीचा. स्पीकर साडेसहा इंची, ट्वीटर वेगळा आहे, मध्ये एक छोटी डबी आहे. बॉक्सवर ३०० वॉट लिहिलंय. डॅम्पिंग म्हणजे काय? बॅलन्स आज बघतो. पण ३०० वॉटच्या स्पीकरला कंपनीचा स्टीरिओ पुरत नाही, हे खरं की खोटं?

तिस्क_फोंडा
म्हणजे कॉम्पोनंट, आणि डबी म्हणजे क्रॉसओव्हर, वरचे सूर ट्वीटरला आणि खालचे मोठ्या स्पीकरला वाटून देणारा.

बॉक्सवरचे ३०० वॉट हे पीक, क्षणभर सोसण्याचे. त्यावरून काही ठरवू नका. बारीक अक्षरांत आरएमएस (सतत सोसण्याचे वॉट) लिहिलेलं असतं, ते बघा. स्टीरिओवरच्या ‘५० वॉट × ४’चंही तेच. इंजिन चालू असताना १४.४ व्होल्ट मिळतात आणि स्पीकर ४ ओहमचा असतो. स्टीरिओच्या आतल्या चिपला, आवाज न फाटता, हिशेबानेच २६ वॉटच्या वर जाता येत नाही, प्रत्यक्षात १५ ते २० धरा. रोजच्या ऐकण्याला तेवढे पुष्कळ झाले. तेव्हा दुकानदाराचं म्हणणं अर्धं खरं. ॲम्पने फरक पडेल, पण तुमचं दुखणं ते नव्हे.

बेसवाला_म्हापसा
पुष्कळ कसे? कॉम्पोनंटची सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच ताकदीत किती मोठा वाजतो ते) बघा. ८७ डेसिबलचा स्पीकर ९२ डेसिबलच्या स्पीकरइतका मोठा वाजवायला तिप्पट ताकद लागते. कंपनीचे हलक्या कागदी कोनचे (हलणाऱ्या पडद्याचे) स्पीकर थोड्या वॉटात मोठे वाजतात, जड कोनचे तेवढ्याच वॉटात दबतात.

तिस्क_फोंडा
सेन्सिटिव्हिटीचं बरोबर आहे, पण ते स्पीकर घेताना बघायचं. शिवाय त्यांचा आवाज मोठाच झालाय, पहिल्याच ओळींत लिहिलंय. तक्रार बेसची आहे.

पणजी_बायपास
कंपनीचा स्टीरिओ काढा आणि ९ इंची अँड्रॉइड टाका. इक्वलायझर मिळतो, मागे बघायचा कॅमेरा लागतो, डॅशकॅमही जोडता येतो.

अल्टरनेटर
कॅमेरा त्यांनी कुठे मागितलाय? स्टीरिओ बदलून उलटी वायर सुलटी होत नाही. ज्यांना बदलायचाच आहे त्यांनी आपल्या मॉडेलचा कपलर (वायर न तोडता जोडणारा प्लग) आणि स्टीअरिंगच्या बटणांचं ॲडाप्टर आहे का ते आधी विचारावं. मूळ वायर तोडू देऊ नका, वॉरंटीचा वाद तिथूनच सुरू होतो.

कुळागर
डॅम्पिंग विचारलंय, तर सविस्तर लिहितो. आपल्याकडच्या पावसात ते चुकीचं केलं तर दार आतून गंजतं.

दाराचा पत्रा पातळ असतो, स्पीकर वाजला की तोही थरथरतो. त्याला आतून ब्युटाइलची शीट चिकटवतात. २ मिलिमीटर जाडीची, वरून ॲल्युमिनियम फॉइल असलेली. संपूर्ण पत्रा मढवायची गरज नाही. बाहेरच्या पत्र्यावर स्पीकरच्या बरोबर मागे एक मोठा तुकडा आणि उरलेल्या भागात सुटे तुकडे, निम्मा पत्रा झाकला तरी थरथर बसते. आतल्या पत्र्याची मोठी भोकं मात्र बंद करायची. बेस खरा वाढतो तो तिथे, कारण स्पीकरच्या मागची हवा पुढे येऊन पुढचा आवाज खाते. भोकांवर नुसती शीट ताणली तर लोंबते. आधी पातळ ॲल्युमिनियमचा तुकडा स्क्रूने बसवा आणि त्यावर शीट चढवा, म्हणजे पुढे काचेचं मशीन बिघडलं तर उघडता येईल.

आता पाण्याचं. काचेवरून ओघळणारं पाणी दारात उतरतं, हे असंच असायचं. दाराच्या तळाशी निचऱ्याची भोकं असतात, तिथून ते निघून जातं. त्या भोकांवर शीट, सिलिकॉन, टेप काही म्हणजे काही जाता कामा नये. भोकं बुजली की पाणी तळात साचून राहतं आणि समुद्राची खारी हवा उरलेलं काम करते. दुसरं, ट्रिमच्या (दाराच्या आतल्या आवरणाच्या) मागे प्लास्टिकचा पडदा काळ्या चिकट डिंकाने लावलेला असतो. स्पीकर बसवताना बरेच जण तो फाडतात किंवा अर्धवट चिकटवून ठेवतात, मग पाणी ट्रिमच्या आत येतं आणि पायाखालचा गालिचा ओला होतो. पडदा नीट आहे का, हे ट्रिम उघडाल तेव्हा आवर्जून बघा.

पत्रा आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून पूर्ण कोरडा हवा, नाहीतर शीट महिन्याभरात सुटते. भर पावसात हे काम करू नका. चवथीनंतर ऊन पडेल तेव्हा करा, हीट गनने शीट मऊ करून रोलरने दाबा.

शामेळ
थोडं वेगळं लिहितो. आरती कुठून वाजवता? देवळात मोबाइलवर रेकॉर्ड केलेली, मग व्हॉट्सॲपवरून फिरत आलेली असेल तर तिच्यात खालचे सूर आधीच कापलेले असतात. ती कुठल्याही सिस्टिमवर पोकळच वाजणार. स्टुडिओत केलेलं नीट रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर घाला आणि त्याच्यावर पारख करा. आणि घुमटाचा आवाज कातड्यावरही जातो. पूर्वी घोरपडीचं चढवत, आता त्या प्राण्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि बकऱ्याचं चढवतात, त्याचा नाद वेगळा.

तिस्क_फोंडा
रेकॉर्डिंगचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कुणाच्या लक्षात आला नव्हता. कातड्याबद्दल वेगळा धागा काढा, वाचायला आवडेल. गायिका केसरबाई केरकरांच्या ७८ आरपीएमच्या जुन्या तबकड्या ऐकणाऱ्यांनाही हेच लागू. त्या काळच्या ध्वनिमुद्रणात अगदी खालचे सूर उतरतच नव्हते, तिथे सबवूफर फक्त घरघर मोठी करतो. त्यांच्यासाठी मऊ रेशमी डोमचा ट्वीटर बघावा, धातूचा कानाला टोचतो.

साखळी०४
बॅलन्स बघितला. डावीकडे बेस आहे, उजवीकडेही आहे, मध्ये आणला की जातो. आता पुढे काय? परत त्या दुकानात जायचं नाही.

अल्टरनेटर
मग तेच. घरी होण्यासारखं आहे. दाराचं ट्रिम काढा: हँडलच्या मागचे स्क्रू, मग कडेच्या क्लिपा. लोखंडी पाना घालू नका, प्लास्टिकची पट्टी घाला, क्लिपा जपून. स्टीरिओ बंद ठेवा आणि वूफरच्या (दारातल्या मोठ्या स्पीकरच्या) दोन्ही वायरी सोडवा. दीड व्होल्टचा साधा सेल घ्या, वूफरच्या अधिक टोकाला सेलचं अधिक, उण्याला उणं, क्षणभर टेकवा. कोन बाहेर आला पाहिजे. आत गेला तर स्पीकरवरची खूणच चुकीची आहे. स्टीरिओ जोडलेला असताना सेल लावू नका, चिप उडेल. ट्वीटरला ही परीक्षा नाही, त्याच्या वाटेत कपॅसिटर असतो, तो सेलची वीज अडवतो.

दोन्ही दारांत कोन बाहेर येत असतील तर घोळ स्टीरिओकडून क्रॉसओव्हरला येणाऱ्या वायरीत आहे. कुठल्याही एकाच दाराला क्रॉसओव्हरच्या इनपुटच्या दोन वायरींची अदलाबदल करा, ऐका. दोन्ही दारांना केली तर पुन्हा मूळपदावर याल. क्रॉसओव्हरची डबी दाराच्या पोकळीत ठेवलेली दिसली तर तिथून काढून डॅशबोर्डखाली घ्या, दारात ती भिजणारच.

कुळागर
उघडताय तर स्पीकरखालची रिंग कशाची आहे तेही बघा.

खारेबांद
माझ्या गाडीत सहा एअरबॅग आहेत. ट्वीटर पुढच्या काचेजवळच्या खांबावर स्क्रूने मारला तर चालेल का?

अल्टरनेटर
नाही. कर्टन एअरबॅगची पिशवी त्या खांबावरूनच उघडते. ट्वीटर आरशाच्या आतल्या त्रिकोणी प्लास्टिकवर किंवा डॅशबोर्डवर लावा.

साखळी०४
झालं. उजव्या दाराच्या वायरी उलट्या होत्या, बदलल्या आणि ठोका आला. चांगला आला. पण व्हॉल्यूम २५ च्या वर गेला की उजवं दार खडखडतं. रिंग लाकडासारखी आहे, खालची कड फुगून सुटी झालीय. आता ॲम्प घेऊ का?

बेसवाला_म्हापसा
आता सबवूफर घेतलात तर दारांवरचा भार कमी होईल. दारांना ८० हर्ट्झचं हाय पास (त्याखालचे सूर अडवणारी गाळणी) लावा, खालचं सगळं सबला. खडखड आपोआप जाईल.

तिस्क_फोंडा
कंपनीच्या स्टीरिओत हाय पास कुठे आहे? सब लावला तरी दारांना पूर्ण बेस जातच राहणार. त्यासाठी चार चॅनलचा ॲम्प मध्ये घालावा लागेल. ॲम्प घेतलात तर ५० वॉट आरएमएस × ४ पुरे. बॅटरीपासून शुद्ध तांब्याची ८ गेज वायर, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नको. बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत ४० अँपिअरचा फ्यूज. अर्थिंग जवळच्या पत्र्याला, रंग खरवडून, बोल्ट घट्ट आवळून वरून ग्रीस. ग्रीस लावलं नाही तर आपल्या हवेत तिथे गंज चढतो आणि इंजिनच्या वेगाबरोबर शीळ ऐकू येते. गेन (ॲम्प स्टीरिओशी जुळवायची कळ) म्हणजे व्हॉल्यूम नव्हे. स्पीकर सोडवून ठेवा, स्टीरिओ पाऊण व्हॉल्यूमवर, ५० हर्ट्झचा टोन लावा, पुढच्या स्पीकरांच्या चॅनलचं हाय पास तेवढ्यापुरतं बंद करा आणि मल्टिमीटर एसीवर ठेवून १४ व्होल्ट येईपर्यंतच गेन वाढवा. ४ ओहमला ५० वॉट म्हणजे तेवढेच.

कुळागर
आत्ता ॲम्प नको. रिंग एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाची) आहे, पाणी पिऊन फुगलीय, त्यामुळे स्पीकर पत्र्याला घट्ट बसत नाही. एबीएस प्लास्टिकची रिंग घ्या, नाहीतर मरीन प्लाय कापून सर्व कडांना रंगाचे दोन हात द्या. स्पीकर आणि रिंग, रिंग आणि पत्रा, दोन्हींच्या मध्ये फोमची पट्टी. रिंगेची जाडी ठरवताना काच पूर्ण खाली उतरवून बघा, मॅग्नेट आणि काच यांच्यात निदान अर्धा सेंटिमीटर राहिला पाहिजे. डाव्या दाराची रिंगही आत्ताच बदला, तीही त्याच पावसात आहे.

साखळी०४
एबीएसच्या दोन रिंगा सांगितल्या. डॅम्पिंग चवथीनंतर करतो. म्हापशाच्या दादांनी सांगितलेला सीटखालचा सब किती उंचीचा असतो?

बेसवाला_म्हापसा
साधारण ७ ते ८ सेंटिमीटर. तारा आणि हवेसाठी वर दोन सेंटिमीटर मोकळे धरा.