मदत हवी आहे: बाबा मशीनचं ऐकत नाहीत

राजेहो, नागपूरच्या कळमना बाजारात आमचं संत्र्यांचं काम आहे. अंबिया बहाराच्या वेळी कॅमेऱ्यावर प्रत ठरवणारं मशीन आणलं. एकदा त्यानं डागी फळं पहिल्या प्रतीत टाकली, तेव्हापासून बाबा प्रत्येक क्रेट पुन्हा हातानं निवडतात. स्वतःची चूक झाली की मात्र, "होते ना बाप्पा कधीमधी!"

२०१५ मध्ये बर्कले डीटवोर्स्ट या संशोधकानं आणि सहकाऱ्यांनी हेच दाखवलं: अल्गोरिदम (म्हणजे मशीनचं ठरवायचं गणित) चुकताना दिसला की तो सरस असूनही लोक माणसावर भरवसा ठेवतात. पुढच्या प्रयोगांत, त्याच्या उत्तरात थोडा बदल करायची मुभा मिळाल्यावर लोक तो वापरायला जास्त तयार झाले.

म्हणून डागाची मर्यादा बाबांनाच ठरवू द्यावी म्हणतो. कोणी केलंय का असं? मृग बहाराचा माल यायच्या आत सांगा.