बैरुतचा स्फोट अणुबॉम्बचा होता की साधा? घरात वाद चाललाय

सड्यावरचा:
आमच्या काकांनी फॅमिली ग्रुपवर परत तो ४ ऑगस्ट २०२० चा बैरुत बंदराचा व्हिडिओ टाकला, खाली लिहिलंय की हा छोटा अणुबॉम्ब होता आणि सगळ्या देशांनी मिळून दाबलं. पांढरा घुमट फुगतो, मग वर छत्रीसारखा ढग, बघून मलापण क्षणभर तसंच वाटतं. आम्ही राहतो मुरगाव बंदराच्या डोक्यावर, त्यामुळे बंदरातला स्फोट म्हटलं की आईला रात्री झोप नाही. नुसतं "असं काही नसतं" म्हणून ती ऐकणार नाही. व्हिडिओ बघून नक्की कशावरून ओळखायचं, कोणी नीट सांगेल का?

फोंड्याचा मास्तर:
छत्रीसारख्या ढगावरून काहीच सिद्ध होत नाही. गरम हवेचा मोठा गोळा एकदम वर चढला की खालची धूळधूर ओढत नेतो आणि वर जाऊन पसरतो, मग तो गोळा कशाने का तापलेला असेना. पांढरा घुमट म्हणजे तर निव्वळ पाण्याची वाफ. धक्क्याची लाट पुढे गेली की तिच्या मागे हवेचा दाब अचानक पडतो, हवा थंड होते, आणि समुद्राकाठची दमट हवा असेल तर त्यातलं बाष्प क्षणभर धुक्यासारखं दिसून विरून जातं. वास्कोत राहतोस ना, पावसाळ्याच्या तोंडाला दाबोळीवरून नेव्हीचं मिग जोरात वळताना पंखांवर पांढरं धुकं येतं ते बघितलं असशील, कारण तेच. अणुचाचण्यांच्या बऱ्याच जुन्या फिल्म्स समुद्रातल्या बेटांवरच्या, म्हणून लोकांच्या डोक्यात हे दोन्ही जोडलं गेलंय.

काणकोणकर:
मास्तर, ढगाचं पटलं. पण "एवढासा स्फोट अणुबॉम्बचा कसा असेल" असं जे लोक म्हणतात ते मला पटत नाही. अमेरिकेने १९६० च्या दशकात जीपवरून डागायचा डेव्ही क्रॉकेट बनवला होता, त्याची ताकद फक्त २० टन टीएनटी स्फोटकाच्या आसपास. उलट १९८५ मध्ये न्यू मेक्सिकोत अणुस्फोटाची नक्कल म्हणून साधं स्फोटक रचून ४ किलोटनच्या (एक किलोटन म्हणजे हजार टन टीएनटी) वरचा बार उडवला. बैरुतचा अंदाज अर्धा ते एक किलोटनच्या आसपास, म्हणजे दोन्हींच्या मध्ये. मग साइजवरून काय ठरणार? आम्ही कैगाच्या अणुवीज केंद्रापासून जवळ राहतो, रेडिएशन डोळ्याला दिसत नाही हे आम्हाला कोणी शिकवायला नको.

फोंड्याचा मास्तर:
@काणकोणकर अगदी बरोबर, आकारावरून ठरत नाहीच. दोन गोष्टींवरून ठरतं. पहिली चमक. अणुस्फोटाच्या केंद्रात तापमान कोटी अंशांमध्ये जातं, शक्तीचा मोठा वाटा प्रकाश आणि उष्णता म्हणूनच बाहेर पडतो, आवाज पोचायच्या आधी अंग भाजतं. बैरुतमध्ये लोक गच्चीवरून, रस्त्यावरून आधीच्या आगीचं शूटिंग करत उभे होते, कॅमेऱ्यात आंधळं करणारा पांढरा प्रकाशझोत आला नाही, आणि दूरचे जखमी मुख्यतः काचांनी आणि पडलेल्या भिंतींनी झाले. दुसरी गोष्ट लपवणं शक्यच नाही ती. २००६ मध्ये उत्तर कोरियाने जमिनीखाली चाचणी केली, ताकद एक किलोटनपेक्षा कमी, तरी दोनेक आठवड्यांनी कॅनडातल्या यलोनाइफच्या केंद्राने हवेतला किरणोत्सारी झेनॉन वायू पकडला. जमिनीखालचा लपला नाही, मग बैरुतचा तर उघड्यावर, भर शहरात. तो वास सगळ्या जगाच्या उपकरणांना लागला असता.

बोटीवरचा भाव:
वीस वर्षं कार्गोवर काढलीत म्हणून लिहितो. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन उडाली, पोटात चौदाशे टनांच्या आसपास स्फोटकं आणि वर कापसाच्या गासड्या, आधी कापूस धुमसला आणि मग दोन स्फोट झाले. आग विझवायला गेलेले बंबवाले मेले, त्यांच्या आठवणीत आजही १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात. आणि जगातली पहिली अणुचाचणी त्यानंतर वर्षाने, जुलै १९४५ ला. बंदर उडवायला अणुबॉम्ब लागत नाही रे.

बैरुतचा माल २७५० टन अमोनियम नायट्रेट, म्हणजे खताला आणि सुरुंगाला वापरतात ते रसायन, ऱ्होसस नावाच्या बोटीतून २०१३ ला आला. मालकाने बोट वाऱ्यावर सोडली, कॅप्टन आणि तीन खलाशी जवळपास वर्षभर त्या मालावर बसून अडकले, त्यांना उतरू देईनात. मग माल गोदाम नंबर १२ मध्ये टाकला तो २०२० पर्यंत तिथेच, शहराला लागून. कस्टमवाल्यांनी पत्रंसुद्धा लिहिली होती. दोनशेच्या वर माणसं गेली. मला राग याचा येतो की अणुबॉम्ब म्हटलं की हे सगळे सुटले, मालकपण आणि सहा वर्षं फायली सरकवणारेपण. काकांना हे सांग.

सड्यावरचा:
थँक्यू सगळ्यांना, यलोनाइफचं आणि मुंबईचं दोन्ही ग्रुपवर टाकलं. काकांचा पुढचा प्रश्न आला, धान्याचे ते मोठे सायलो अर्धे उभे राहिले म्हणजे अणुबॉम्ब नाही, हे म्हणता येईल का? आणि तो लालसर धूर कसला?

फोंड्याचा मास्तर:
सायलोचा मुद्दा घेऊ नकोस, कच्चा आहे. हिरोशिमात पण केंद्राच्या जवळची काँक्रीटची इमारत उभी राहिली होती. बैरुतचे सायलो जाड काँक्रीटचे, मागच्या भागाला त्यांचा थोडा आडोसा मिळाला एवढंच.

लालसर धुरावर मात्र जोर दे. अमोनियम नायट्रेटचा स्फोट पूर्ण झाला नाही की नायट्रोजन डायऑक्साइड सुटतो, त्याचा रंग तांबूस-तपकिरी. अणुस्फोटाच्या ढगातही थोडा असतो, पण इथे आधीची आग, गोदामातला माल आणि मागून आलेला हा दाट तांबूस लोट तिन्ही एकाच ठिकाणी बोट दाखवतात. आईला एवढं सांग की हा माल एकटा असा सहज उडत नाही, बंद जागेत आग आणि भेसळ मिळाली तर उडतो, म्हणून तो कुठे, किती आणि कशाच्या शेजारी ठेवलाय हे बंदरवाल्यांना विचारायचा हक्क सड्यावरच्या लोकांना आहे.

बोटीवरचा भाव:
पंचायतीच्या नाहीतर पालिकेच्या मार्फत लेखी विचारा, तोंडी नको. लागलं तर अर्ज मी लिहून देतो, मेसेज कर.