मदत हवी आहे: १ लाख १४ हजार किमी चाललेली २००८ची पोर्शे बॉक्सस्टर घ्यावी का? (गोवा)

कुंडईकर

नमस्कार मंडळी,

टोकन द्यायच्या आधी जाणकारांचं मत हवंय. उलटे प्रश्न कमी यावेत म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

गाडी पोर्शे बॉक्सस्टर, ९८७ पिढीतली, २००८ची. २.७ लिटर, २४५ पीएस, मॅन्युअल गिअर. पासिंग पुण्याचं, एमएच १२. सध्याचे मालक दुसरे. ते पुण्याहून पर्वरीला राहायला आले तेव्हा गाडी सोबत आणली, पण गोव्याचं पासिंग करून घेतलं नाही. आरसीचं नूतनीकरण २०२३ मध्ये झालंय, ती २०२८ पर्यंत चालेल. मागणी १९ लाखांची आहे. बसून बोललो तर थोडं कमी होईल असं वाटतं.

मी फोंड्याचा. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत माझं छोटं मशीन शॉप आहे, त्यामुळे लोखंडाची आणि ग्रीसची सवय आहे. पोर्शेचं इंजिन मात्र कधी उघडलेलं नाही. रोजच्या कामाला वेगळी गाडी आहे. ही रविवारी पहाटे चोर्ला घाटात, कधी पोळेपर्यंत, कधी मोपाच्या पठारावर न्यायची. एकूण बजेट २३ लाख, आणि त्यात कागदपत्रं व पहिल्या वर्षाची दुरुस्ती दोन्ही बसवायची आहेत.

घरच्यांचा आणि मित्रांचा आक्षेप एकच: लाखाच्या वर चाललेली गाडी कोण घेतं? मला तो पटत नाही. फाईल बघितली तर १,०२,००० किमीपर्यंतची सर्व्हिस वेळच्या वेळी मुंबईला झाली आहे, बिलं क्रमाने लावलेली आहेत. ८८,००० ला क्लच बदलला, त्याच वेळी इंजिनाचं मागचं ऑइल सील. ९१,००० ला वॉटर पंप. म्हणजे जे झिजायचं ते झिजलं आणि बदललं गेलं. मला काळजी आहे ती पुढच्या १२,००० किमीची. गोव्यात आल्यापासून पाच वर्षांत गाडी एवढीच चालली, तेवढ्या काळात ऑइल फक्त दोनदा बदललं, आणि बाकीचे दिवस ती पत्र्याच्या शेडखाली उभी होती. तेही खाडीच्या वाऱ्यात.

प्रत्यक्ष काय पाहिलं ते लिहितो. टायर १८ इंची, पुढे २३५/४०, मागे २६५/४०. नक्षी भरपूर शिल्लक, पण बाजूचा शिक्का ३४१६, म्हणजे २०१६च्या चौतिसाव्या आठवड्यातले. नख रुतत नाही इतकं रबर कडक झालंय. डाव्या सीटच्या मागच्या कार्पेटवर तळहात दाबून धरला तर ओल लागली. वरून कोरडं दिसतं, खालचा फोम ओला. मागच्या डिकीत जिथून कूलंट भरतात तिथे टाकीच्या सांध्यावर पांढुरका सुकलेला डाग आहे. सुरू केल्यावर एका बाजूच्या सायलेन्सरमधून निळसर धूर आला आणि काही सेकंदांत गेला. एसी थंड करतो, पण जोर कमी. खराब रस्त्यावर पुढून खडखड येते. इंजिनाचा आवाज मला स्वच्छ वाटला, आणि चालवताना स्टीअरिंगमधून रस्ता जसा हाताला कळला तसा आजवर कुठल्याच गाडीत कळला नाही. हे लिहायलाच हवं, कारण याच्याचसाठी हा सगळा खटाटोप.

आता मूळ भीती. या इंजिनातल्या इंटरमीडिएट शाफ्टच्या (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांपर्यंत फिरकी पोचवणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगबद्दल खूप वाचलं. ते बेअरिंग गेलं की टायमिंग जातं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन संपतं. २००६ पासूनच्या इंजिनांत बेअरिंग मोठं बसवलं, त्यामुळे बिघाड फार कमी झाले. पण ते बदलायचं तर इंजिनाचे दोन भाग सुटे करावे लागतात. आधीच्या इंजिनांसारखं क्लच काढून बाहेरून बदलता येत नाही.

दुसरा पर्याय बंगळूरला आहे: २०१०ची, २.९ लिटर, पीडीके ऑटोमॅटिक, ३४,००० किमी, मागणी ३१ लाख. २००९च्या फेसलिफ्टपासून तो शाफ्टच काढून टाकला, त्यामुळे ती चिंता मिटते. पण कर्ज काढावं लागेल, शिवाय मला गिअर स्वतः टाकायचे आहेत.

तर पर्वरीची गाडी घ्यावी का? घ्यायची तर आधी काय काय तपासून घेऊ? आणि गोव्याच्या पावसात अशी गाडी सांभाळणारे कुणी इथे आहेत का?

---

केए२२

मी बेळगावला असतो. ९८७ गेली काही वर्षं वापरतोय, माझीही लाखाच्या पुढे गेली आहे. तुमचा अंदाज बरोबर आहे, किलोमीटरला घाबरू नका. हे इंजिन गरम होऊन लांब पळालं की खूश असतं. उभं राहिलं की ऑइलमध्ये ओल आणि आम्ल साठतं, आणि ते बेअरिंग त्याच ऑइलमध्ये बुडालेलं असतं.

पहिलं काम: मालकांना सांगा, तुमच्या खर्चाने ऑइल आणि फिल्टर बदलू. फिल्टरचा कागद सोडवून पांढऱ्या कापडावर उन्हात पसरा. चकाकणारे कण दिसले तर त्यावर चुंबक फिरवा. चिकटले तर पोलाद आहे, बेअरिंगचा संशय घ्या आणि तिथूनच घरी या. न चिकटणारे चार-दोन कण या वयात चालतात, मूठभर नाही. तुम्ही लेथवाले, तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त कळेल.

दुसरं, पोर्शेसाठीचा स्कॅनर लावून इंजिनाच्या संगणकातले एकूण चाललेले तास काढा. किलोमीटरला तासांनी भागलं की सरासरी वेग मिळतो. समजा ३,३५० तास निघाले, तर ताशी ३४ किमी, पुणे आणि हायवे मिळून अगदी पटण्यासारखं. सरासरी १५-१८ आली तर गाडी ट्रॅफिकमध्येच वाढली, किंवा मीटर मागे फिरवलाय. त्याच रिपोर्टमध्ये ओव्हररेव्हचे, म्हणजे इंजिन मर्यादेबाहेर फिरल्याचे आकडेही दिसतात. मॅन्युअल गाडीत कुणी पाचव्यावरून चुकून दुसरा टाकला असेल तर तिथे नोंद राहते. वरच्या टप्प्यातल्या नोंदी अलीकडच्या तासांतल्या असतील तर सोडा. जुन्या असतील आणि त्यानंतर गाडी शेकडो तास धड चालली असेल तर चालेल.

धुराचं टेन्शन घेऊ नका. या इंजिनाचे सिलिंडर आडवे झोपलेले आहेत, उभ्या गाडीत थोडं ऑइल सिलिंडरमध्ये झिरपतं, सुरू केल्यावर जळून जातं. मात्र पांढऱ्या धुराचा लोट येऊन थांबतच नसेल तर ऑइल सेपरेटर (इंजिनातल्या वाफेतून ऑइल वेगळं करणारा भाग) गेलाय.

---

सुखदा_पर्वरी

कार्पेटच्या ओलीकडे दुर्लक्ष करू नका. कापडी छपराच्या मागे दोन्ही बाजूंना पाणी वाहून जायच्या नळ्या असतात, त्या पानांनी, मातीने तुंबतात. मग छपरावरचं पाणी बाहेर न जाता आत उतरतं. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, एका मोसमात फोम कुजतो आणि सीटखालच्या वायरिंगचे कनेक्टर हिरवे पडतात. सीट काढून कनेक्टर एक एक उघडून बघा. कनेक्टर स्वच्छ असतील तर नळ्या साफ करणं आणि कार्पेट वाळवणं एवढंच काम. हिरवे असतील तर एअरबॅगच्या दिव्यापासून सुरुवात होते आणि संपत नाही.

आमच्या घरी दुसऱ्या कंपनीची उघड्या छपराची गाडी होती, तिला हेच झालं. वायरिंगचा दोष शोधण्यात इतके पैसे गेले की शेवटी ती विकली.

विम्याचं माझं रोजचं काम आहे, म्हणून तेही सांगते. १५०० सीसीवरच्या खासगी गाडीचा थर्ड पार्टीचा मूळ हप्ता ७,८९७ रुपये, वर जीएसटीचे नियम लागतील तसे. हा भाग सोपा. इतक्या जुन्या गाडीला झीरो डेप्रिसिएशन (घसारा न कापता पूर्ण भरपाई) मात्र मिळणार नाही असंच धरून चला. म्हणजे उद्या पुढचा बंपर गेला तर प्लास्टिकच्या भागांचे निम्मे पैसे तुमचे. मालकांचा नो क्लेम बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही, तो तुम्हाला मिळत नाही. आणि हस्तांतरणानंतर १४ दिवसांच्या आत पॉलिसी नावावर करायला अर्ज द्या. लोक हे विसरतात आणि मग स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो.

---

तिस्कवाला

कागदांबद्दल. परराज्यातली गाडी १२ महिन्यांहून जास्त इथे ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो, मोटार वाहन कायद्याचं कलम ४७. म्हणजे मालकांनी पाच वर्षं हे टाळलंय आणि तो खर्च आता तुमच्याकडे येतोय. सौद्यात हे स्पष्ट मांडा.

क्रम असा: पुण्याच्या आरटीओकडून फॉर्म २८ वर एनओसी (ना हरकत दाखला). त्याआधी महाराष्ट्रातली सगळी ई-चलनं भरलेली हवीत, आणि जुनं कर्ज असेल तर ते आरसीवरून फॉर्म ३५ ने उतरवलेलं हवं. मग इथे मालकी बदलायला फॉर्म २९, ३० आणि नवीन नंबरासाठी २७, वर गोव्याचा रोड टॅक्स. टॅक्सचा आकडा फोंड्याच्या आरटीओत आरसीची झेरॉक्स दाखवून आधीच काढून घ्या. एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. टोकन द्या, पण कागदावर लिहून की एनओसी न आल्यास टोकन परत.

आणखी एक. १५ वर्षांपुढच्या आयात चारचाकीच्या नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ४०,००० आहे आणि ऑगस्ट २०२५च्या बदलानंतर २० वर्षांपुढे ८०,०००. तुमची गाडी २०२८ मध्ये त्याच उंबरठ्यावर येते. तो खर्च आजच्या हिशोबात धरा.

---

कुंडईकर

सगळ्यांचे मनापासून आभार. केए२२, फिल्टरची कल्पना फार आवडली, मालक ऑइल बदलायला तयार आहेत. बंगळूरच्या गाडीबद्दल तुमचं मत काय? आणि एसी, खडखड, टायर, हे किती गंभीर धरू?

---

केए२२

बंगळूरची गाडी वाईट नाही. पण १५ वर्षांत ३४,००० म्हणजे तीही उभीच राहिलेली आहे, नुसता आकडा बघून जास्तीचे १२ लाख देऊ नका. तुम्हाला मॅन्युअल हवी आहे हे तुम्हीच लिहिलंय. मग तो विषय मिटला.

एसीचं आधी बघा. रेडिएटर आणि एसीचे कंडेन्सर पुढच्या बंपरच्या दोन कोपऱ्यांत बसतात. जाळीतून आत गेलेली पानं तिथे ओल धरून ठेवतात, त्यात खारा वारा, मग ॲल्युमिनियमचे पापुद्रे सुटतात. जाळीतून टॉर्च मारून बघा. बोट लावल्यावर पत्र्या भुग्यासारख्या गळल्या तर दोन्ही बाजूंचे कंडेन्सर धरा, कदाचित रेडिएटरही. कूलंटच्या टाकीला बहुधा तडा आहे, तो डाग त्याचाच असावा. टाकी फार महाग नाही, पण पोचायला जागा अवघड, मजुरी जाते. खडखड बहुधा पुढच्या खालच्या आर्मची. टायर चारही बदला, चोर्ल्यात ओल्या वळणावर २०१६च्या टायरवर जाऊ नका.

पेट्रोलचे रबरी पाइपही बदलून टाका. ही गाडी २० टक्के इथेनॉलसाठी बनलेली नाही, आणि उभ्या गाडीत ते पेट्रोल ओल धरतं.

या सगळ्याला तीन ते साडेतीन लाख बाजूला ठेवा आणि त्या हिशोबाने बोली १६ पासून सुरू करा. मी असतो तर १६ ला घेतली असती, १७ ला दोन दिवस विचार केला असता, १९ ला नाही. आणि एक तपासणी राहिलीच: बोअरस्कोप, म्हणजे प्लगच्या भोकातून आत घालायचा बारीक कॅमेरा. सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे आहेत का ते बघा. २.७ मध्ये हा त्रास मोठ्या इंजिनांपेक्षा कमी, पण बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

---

कुंडईकर

ठरलं. काल संध्याकाळी मालकांशी बोललो. सीट काढायला, स्कॅनर लावायला, फिल्टर उघडायला त्यांची हरकत नाही. उलट त्यांनी मुंबईच्या वर्कशॉपमधल्या मेकॅनिकचा नंबर दिला, कोणत्या वर्षी काय केलं ते त्याला विचारा म्हणाले. हे मला फार चांगलं लक्षण वाटलं. गोव्याच्या टॅक्सचा आणि नंबरचा विषय काढला तेव्हा १७ पर्यंत स्वतःहून आले. मी अजून आकडा बोललेलो नाही. फिल्टर, तास आणि कनेक्टर, या तिन्हींत गाडी बसली तर १६ ची बोली लावेन. फिल्टरमध्ये पोलाद निघालं तर कितीही स्वस्त दिली तरी घेणार नाही, हे घरीही सांगून ठेवलंय.

आता अडलंय ते बोअरस्कोपवर. माझ्या शॉपमध्ये जो कॅमेरा आहे त्याची नळी जाड आहे, प्लगच्या भोकातून जाते पण आत वळत नाही. गोवा, बेळगाव किंवा कोल्हापुरात वळणाऱ्या टोकाचा कॅमेरा असलेला आणि आडव्या इंजिनावर हात बसलेला कुणी मेकॅनिक माहीत असेल तर कृपया व्यनि करा. पर्वरीला येण्याजाण्याचा खर्च आणि दिवसाची मजुरी मी देईन. चवथीच्या आधी जमलं तर उत्तम, नंतर मालक महिनाभर बाहेर आहेत.