जीपच्या ॲक्सलचा 5.38 रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे फेरे) बदलून 4.88 करायचाय, काय काय बघावं?

घाटवाट:
जुनी महिंद्रा फोर बाय फोर जीप, डिझेल, टायर 6.00-16. मागचा ॲक्सल डाना 44 (डाना कंपनीचं मॉडेल) धाटणीचा. झाकण उघडून दात मोजले: क्राऊनला (ॲक्सलमधलं मोठं दातेरी चाक) 43, पिनियनला (त्याला फिरवणारं छोटं) 8. सातारा रस्त्याला 60 च्या पुढे इंजिन नुसतं ओरडतं. 4.88 घ्यावा की थेट 4.27? खंबाटकीत दम तुटेल का?

टॉपगिअर:
4.88 घ्या. त्यात 39 आणि 8 दात असतात. तुमच्या टायरचा एक फेरा साधारण 2.24 मीटर. टॉपला 2400 आरपीएमवर आत्ता ताशी 60 मिळतात, तेव्हा 66 मिळतील. 4.27 ला 75 पर्यंत जाल, पण चाकावरचा जोर 20 टक्क्यांनी घटेल. भरल्या गाडीला घाटात सतत एक गिअर खाली राहावं लागेल आणि चढावर गाडी उचलताना क्लच जळेल.

पुढचा ॲक्सलही त्याच रेशोचा करा, यात तडजोड नको. नुसता मागचा बदलून कोरड्या डांबरावर फोर व्हील टाकलंत तर पुढची-मागची चाकं एकमेकांना ओढतात आणि ट्रान्सफर केस (दोन्ही ॲक्सलना ताकद वाटणारी पेटी) फुटू शकते. शिवाय मीटरची केबल ट्रान्सफर केसवरून येते, त्यामुळे काटा 60 वर असेल तेव्हा गाडी 66 ला असेल.

क्राऊनटेल:
सुटे भाग घालणं सोपं, खरं काम सेटिंगचं. क्राऊन आणि पिनियन जोडीनेच घासून बनवतात. दोन्हींवरचा जोडीचा नंबर जुळला नाही तर पुण्याच्या नाना पेठेत कितीही स्वस्त मिळो, सेट घेऊ नका.

उघडताना बेअरिंग कॅपवर डावी-उजवी पंच मारून खूण करा, त्यांची अदलाबदल चालत नाही. बेअरिंगं आणि सील नवीनच टाका. पिनियनचा नट 270 ते 300 न्यूटन-मीटरला आवळा. नंतर सील न लावता, नव्या बेअरिंगवर पिनियन फिरवायला 2.3 ते 4.5 न्यूटन-मीटर लागले पाहिजेत. कमी-जास्त असेल तर प्रीलोडचे (बेअरिंगवरच्या दाबाचे) सिम, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या, बदला, नट ढिला ठेवून जमवू नका.

मग डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं यंत्र) लावून क्राऊनचा प्ले (दातांमधली मोकळीक) 0.13 ते 0.23 मिमी ठेवा. तीन-चार ठिकाणी मोजा. शेवटी दातांना निळी पेस्ट लावून, क्राऊनला हाताने अडवत फिरवा. डाग दाताच्या मधोमध हवा. माथ्यावर आला तर पिनियन बाहेर राहिलंय, मुळाशी गेला तर फार आत घुसलंय. हे न बघता झाकण लावलं की ॲक्सिलरेटर दिल्यावर रडण्याचा आवाज येतो, आणि दात एकदा तसे घासले की पुन्हा सेटिंग करूनही आवाज जात नाही.

घाटवाट:
जुन्या पिनियनच्या तोंडावर +2 कोरलंय, नव्यावर -3. याचा अर्थ?

क्राऊनटेल:
ते आकडे इंचाच्या हजाराव्या भागात असतात. +2 वरून -3 म्हणजे पाचाचा फरक, म्हणून पिनियनच्या आतल्या बेअरिंगच्या कपामागे (बाहेरच्या रिंगमागे) 0.13 मिमी सिम वाढवा. ही फक्त सुरुवात, निळा डाग सांगेल तेच अंतिम. जुने सिम मायक्रोमीटरने मोजून लिहून ठेवा, चुरगळलेले परत वापरू नका.

टॉपगिअर:
गिअर ऑइल ईपी 90, जीएल-5 दर्जाचं, भरायच्या भोकापर्यंत. पहिले 25-30 किमी सावकाश चालवून हौसिंग पूर्ण थंड होऊ द्या. 800 किमीला तेल बदला. तोवर ट्रेलर ओढू नका, भरल्या गाडीने घाट नको.