चर्चा: बॉक्सिंगमध्ये पहिल्या वर्षी पोरांना किती ठोसे शिकवावेत?

खडकीचा_कोच
रविवारी सकाळी आमच्या हॉलवर स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत होती. आमचा चौदा वर्षांचा पोरगा, येऊन आठ महिने झालेत. मोबाइलवर बघून सहा ठोशांचं कॉम्बिनेशन पाठ करून आला होता: जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा), जॅब, क्रॉस (मागच्या हाताचा सरळ), डावा हुक (बाजूने वळवून), उजवा अपरकट (खालून वर), परत हुक. कोचने हातात धरलेल्या पॅडवर असा कडकडाट की बाकीची पोरं थांबून बघत होती. समोर कोथरूडहून आलेला पोरगा, त्याला जॅब आणि क्रॉस एवढंच येतं. दुसऱ्या जॅबलाच तो अर्धं पाऊल मागे सरकला. आमच्याचं मात्र चालूच, पुढचे सगळे ठोसे हवेत. अपरकटसाठी उजवा हात कमरेपाशी गेला आणि त्याच क्षणी समोरच्याचा जॅब थेट नाकावर बसला. पोरगा रडला नाही, पण उरलेल्या दोन्ही फेऱ्यांत त्याने हातच उचलला नाही.

माझं मत स्पष्ट आहे. पहिलं वर्ष तीनच ठोसे: जॅब, क्रॉस आणि बरगडीखाली डावा हुक. अपरकट पूर्ण बंद. कुठला ठोसा मारायचा हे समोरच्याचा गार्ड, म्हणजे बचावाला धरलेले हात, ठरवतात. त्याचे हात कपाळाशी गेले की पोट उघडं, कोपरं खाली आली की हनुवटी उघडी. हे दिसायला लागायच्या आधीच जास्त ठोसे हातात दिले, की पोरं समोर बघायचं सोडतात आणि पाठांतर आठवत बसतात. पालकांनाही कळकळीने सांगतो, पॅडवरच्या आवाजावरून पोराची प्रगती मोजू नका.

चौपन्न_किलो
सर, पूर्ण असहमत. माझी उंची पाच फूट दोन इंच. माझ्या वजनात समोर येणारे बहुतेक जण माझ्यापेक्षा वीतभर उंच. मलाही पहिलं दीड वर्ष जॅब-क्रॉसच दिलं होतं. मी जॅब टाकला की माझा हात त्याच्या ग्लोव्हपर्यंत पोचायचा, आणि त्याचा माझ्या तोंडापर्यंत. माझी पहिली लढत मी अख्खी बाहेर उभं राहून मार खात काढली, कारण आत शिरल्यावर काय मारायचं हे कोणी शिकवलंच नव्हतं. आत जॅबला जागा नसते. तिथे आखूड हुक आणि अपरकटच लागतो. टायसन बघा, हेवीवेटच्या मानाने बुटका. उजवा हुक बरगडीवर आणि लगेच त्याच हाताने अपरकट हनुवटीवर. बरगडीला लागलं की कोपर खाली येतं, मधली वाट मोकळी होते. मेरी कोम लंडनला 2012 मध्ये 51 किलोत उतरली, कारण महिलांसाठी ऑलिंपिकमध्ये तोच सगळ्यांत हलका गट होता. समोर उंच मुली, तरी कांस्य आणलं. एकच नियम सगळ्या उंचींना लावणं हा बुटक्या पोरांवर अन्याय आहे.

डावखुरा
आणि आमचं काय? मी डावखुरा, समोरचा उजवा, म्हणजे दोघांचे पुढचे हात एकमेकांत अडकतात आणि निम्मे जॅब तिथेच मरतात. माझा पहिला ठोसा मागचा सरळ डावा, पुढचं पाऊल त्याच्या पावलाच्या बाहेर ठेवून. तोच खाली मारला तर त्याचं यकृत माझ्या हातासमोरच असतं.

जुना_रिंगवाला
कोचसाहेबांच्या यादीत बॉडीचा, म्हणजे पोट-बरगड्यांवरचा हुक आहे याचा मनापासून आनंद झाला. आमच्या पिढीने तो गमावला होता. 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या रॉय जोन्सला अंतिम लढतीत हरलेला ठरवलं, त्यावर एवढा गदारोळ झाला की 1992 च्या बार्सिलोनाला गुण देण्यासाठी पंचांच्या हातात बटणं आली. पाचापैकी तीन पंचांनी एका सेकंदाच्या आत बटण दाबलं तरच गुण. डोक्यावरचा सरळ ठोसा सगळ्यांना दिसतो, पोटातला हुक एखाद्याच बाजूने दिसतो. मारून मारून हात दुखायचे आणि फळ्यावर शून्य. मग आम्ही बॉडी सोडूनच दिली. 2013 पासून दहा गुणांची पद्धत आली, आता पंच पूर्ण फेरी बघून निकाल देतात. म्हणून कोचसाहेबांच्या वाक्यात एक भर घालतो: ठोसा समोरच्याचा गार्ड ठरवतो, तसे पंचही ठरवतात.

बॉडीची ताकद कोणाला पटत नसेल तर हॉपकिन्स आणि दे ला होया यांची 2004 ची लढत बघा. नवव्या फेरीत यकृतावर एक डावा हुक, आणि दे ला होयासारखा माणूस दहा मोजेपर्यंत उठू शकला नाही.

मुलीची_आई
मी खेळलेली नाही, पण लेक तेरा वर्षांची आहे आणि रोज स्वारगेटजवळ सरावाला जाते. परवा मी पोळ्या लाटत होते. तिने माझे दोन्ही हात लाटण्यासकट कपाळापर्यंत वर केले आणि उजव्या बरगडीखाली बोट लावून म्हणाली, "आई, बघ, इथे आता दार उघडं आहे." तिला तीनच ठोसे येतात, पण हे तिला दिसतं. मला कोचसरांचं पटतं. आणि एक आई म्हणून मागणी आहे, लहान मुलांचं स्पारिंग पहिले काही महिने फक्त बॉडीवर ठेवा.

खडकीचा_कोच
ताई, तुमची मागणी मान्य. नवीन तुकडीला येत्या सोमवारपासून फक्त बॉडी.

चौपन्न_किलो, तुमचं वाचून दोन दिवस विचार केला. तुम्हाला अर्धवट शिकवलं हे खरंच. पण त्यात जॅबचा दोष नाही, आत शिरायला शिकवलं नाही याचा आहे. बुटक्याचा जॅब लागला नाही तरी काम करतो. समोरच्याचा ग्लोव्ह डोळ्यांसमोर आणतो, तेवढ्यात डोकं बाहेर काढून पाऊल आत. बिनजॅबचं आत शिरलं तर वाटेतच क्रॉस बसतो.

चौपन्न_किलो
मुहम्मद अलीने 1974 मध्ये किन्शासाला जॉर्ज फोरमनवर पहिल्याच फेरीत जॅबशिवाय थेट उजव्या हाताचे ठोसे मारले, सर. सगळे म्हणतात की तो हात लांबून येतो, धोक्याचा आहे. तोच लागला.

खडकीचा_कोच
लागला, कारण फोरमन जॅबची वाट बघत होता. तो कशाची वाट बघतोय हे अलीने आधी ओळखलं होतं. माझ्या पोराला ते ओळखता येईल त्या दिवशी मीच त्याला सांगेन, मार सरळ उजवा.

तरी एक बदल करतो. पॅडवर ठोशांचे ठरलेले आकडे ओरडून ठोसे मागणं बंद. मी नुसता पॅड उघडा धरीन, पोराने जागा बघून ठोसा निवडायचा. बुटक्या पोरांना सहाव्या महिन्यापासून आखूड अपरकट देईन, पण कपाळ माझ्या छातीशी आल्यावरच. लांबून मारला तर ती फेरी तिथेच थांबेल.

चौपन्न_किलो
सहावा नाही, तिसरा महिना म्हणा. शनिवारी ग्लोव्ह घेऊन खडकीला येतो. त्या पोराला माझ्यासमोर उभा करा, कुठून आत यायचं ते मी त्याला दाखवतो.