नव्या ओट्याने मनस्ताप दिला? अनुभव लिहा

घर बांधताना सगळ्यात जास्त वेळ ज्याच्यापुढे उभं राहायचं, त्या ओट्याचंच काम नेमकं घाईत उरकलं जातं. दगडवाला मिस्तरीकडे बोट दाखवतो, मिस्तरी दगडाकडे. तुमच्याकडे काय झालं? दुकानाचं, माणसाचं नाव नको.

जळगाव : आमच्याकडे ढाळ उलटा. सिंकजवळ सांडलेलं पाणी निवांत गॅसखाली जाऊन बसतं. मिस्तरी म्हणे, "काही व्हत नही ताई, पुसी टाकानं." भरताची वांगी धुतली की रोज काय पुसत बसायचं? पूर्ण दगड उचलायचा तर सिंकपुढची अरुंद पट्टी तुटायची भीती. कापल्यावर सगळ्यात कमजोर तीच. शेवटी दुसऱ्या कारागिराने जोड मोकळा केला, गॅसकडचा तुकडा तेवढा उचलला आणि खाली माल भरून पुन्हा बसवला. त्यानेच दाखवलं, सिंकच्या कटिंगचे कोपरे काटकोनात कापले होते. तडा तिथूनच सुरू होतो, कोपरा गोल हवा. एका कोपऱ्यात केसाएवढी रेघ दिसतेच आहे. रोज बघते.

धुळे : काळाभोर ग्रॅनाइट म्हणून घेतला, महिन्याभरात लिंबाच्या फोडींखाली राखाडी ठिपके. खरा ग्रॅनाइट लिंबाने असा उडत नाही, संगमरवर उडतो. कापसावर नेलपेंट रिमूव्हर घेऊन कोपऱ्यात घासलं तर कापूस काळा! रंग मारलेला दगड. बिलावर दगडाचं नाव होतं म्हणून दुकानदाराने कुरकुरत बदलून दिला. बसवायची मजुरी मात्र आमच्याच बोकांडी.

भुसावळ : एल आकाराच्या जोडात पांढरं सिमेंट भरलं. हळदीने पिवळं झालं. खरवडून काळं इपॉक्सी (घट्ट होणारा राळेचा माल) भरून घेतलं, आता ठीक.

अमळनेर : कडेच्या गोलाईवरून डोळे मिटून हात फिरवा. आमची लाटा मारते, आणि वरचा दगड आरशासारखा असताना कड मात्र मेणचट. मिस्तरी म्हणे, जागेवर ग्राइंडर फिरवला की असंच होतं. तसं नाही, पॉलिशच्या चकत्या जाड ते बारीक क्रमाने लावायचा कंटाळा! कडेच्या खालून खाचही मारली नाही, त्यामुळे पाणी ओघळून ट्रॉलीच्या दारांवर जातं.

नंदुरबार, धुळेकर ताईंना : मजुरीही मागता येते. आधी लेखी कळवा, फोटो जोडा. 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे. तेवढ्याने नाही भागलं तर जिल्हा ग्राहक आयोग; 2019 च्या कायद्याप्रमाणे 2 वर्षांच्या आत जायचं आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पक्कं बिल मात्र हवं. आमच्याकडे चिठ्ठीवर आकडा होता फक्त, त्यामुळे हात चोळत बसलो.

चाळीसगाव : आमचं काम पुढच्या आठवड्यात आहे. मिस्तरीला सांगून ठेवलंय, ओट्यावर तांब्याभर पाणी ओतून बघणार, मग उरलेले पैसे. तो आत्ताच फुरंगटलाय.